पायरी, उतार, पट्टा आणि उडी : ४के व्हिडिओ ‘फाटण्याच्या’ एका तक्रारीचा माग

भाचीचा निरोप एका ओळीचा होता: “मावशी, ४केला घेतलं की चित्र फाटतं, १०८०ला फाटत नाही. फोन गेला का?”

ती टेबल टेनिस खेळते. तिच्या सरांना तिचा बॅकहँड संथ गतीत पाहायचा होता. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणी मनगट कुठे असतं, कोपर किती उघडलेलं असतं, एवढंच. म्हणून तिने फोनवरचं सगळ्यांत मोठं माप निवडलं: ४के, सेकंदाला ६० फ्रेम. पाहायला बसली, तर नेमक्या फटक्याच्या वेळी चित्राचा वरचा भाग एका जागी आणि खालचा दुसऱ्या जागी. दोन आठवडे ती याच्याशी झगडत होती. मेमरी कार्ड फॉरमॅट केलं, मग नवं घेतलं, कॅमेऱ्याचं दुसरं ॲप टाकून पाहिलं, शेवटी फोन रीसेट केला. काही फरक पडला नाही.

माझं रोजचं काम व्हिडिओ संकलनाचं. ‘चित्र फाटतं’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे आणि इतक्या वेगवेगळ्या दोषांसाठी ऐकली आहे, की आता त्या शब्दावर मी पुढचं काहीच बांधत नाही. तिच्या प्रकरणात तर एका शब्दाखाली चार मुख्य दोष निघाले आणि चौघांचं घर वेगळं होतं. ते कसे सुटे झाले ते सविस्तर लिहिते, कारण चुकीच्या घराचं दार ठोठावण्यातच तिचे दोन आठवडे गेले होते.

आधी मूळ फाइल

तिने निरोपाच्या ॲपवरून एक तुकडा पाठवला होता. तो मी पाहिलासुद्धा नाही. असे ॲप व्हिडिओ पाठवताना तो नव्याने दाबून लहान करतात. फ्रेम कमी होतात, माप बदलतं, वेळेच्या नोंदी बदलतात. म्हणजे आपल्याला ज्याची तपासणी करायची तेच पुसलं जातं. “अगं, केबल लावून फोनमधली फाइल जशीच्या तशी कॉपी कर आणि ती दे,” असं सांगितलं. फाइल हातात आल्यावर लॅपटॉप घेऊन तिच्याच शेजारी बसले, कारण तिला दोष जिथे दिसतो ती जागाही मला पाहायची होती.

दिसलं खरं. तिच्या लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ चालू असताना वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर एक सरळ आडवी रेघ उमटत होती. बॅट त्या रेघेवर तुटल्यासारखी दिसायची, वरचा तुकडा मागे आणि खालचा पुढे. रेघ हळूहळू खाली सरकायची, नाहीशी व्हायची, पुन्हा वर यायची.

मी स्पेस बार दाबला. व्हिडिओ थांबला आणि बॅट अखंड झाली.

पुन्हा चालू, पुन्हा बंद. दहा वेळा केलं. थांबवलेल्या चित्रात एकदाही बॅट तुटलेली नव्हती. मग व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ दाबत फटक्याच्या आसपासच्या फ्रेम एकेक करून पाहिल्या. सगळ्या शाबूत. फाइलमध्ये जे नाही ते स्क्रीनवर दिसत असेल, तर ते स्क्रीनच्या वाटेवर तयार होतंय. फोन, कार्ड, कॅमेरा ॲप, तिने ज्यांना ज्यांना दोषी धरलं होतं ते सगळे या एका कळीने निर्दोष सुटले. निदान या आरोपातून तरी.

पायरी कुठे तयार होते

स्क्रीनवरचं चित्र एका झटक्यात बदलत नाही. ६० हर्ट्झची स्क्रीन एक चित्र वरून खाली ओळीओळीने रंगवते आणि दर १६.७ मिलिसेकंदांनी नव्याने सुरुवात करते. ज्या मेमरीतून ती चित्र वाचते तिला फ्रेम बफर म्हणतात. वाचन अर्ध्यावर असताना त्या जागी पुढचं चित्र येऊन बसलं, तर वरच्या ओळी जुन्या चित्राच्या आणि खालच्या नव्या चित्राच्या होतात. हलणारी वस्तू त्या सांध्यावर तुटते. मी याला पायरी म्हणते. हे खरं टेअरिंग. त्यावरचा उपाय म्हणजे व्ही-सिंक: स्क्रीन तळाशी पोचून पुन्हा वर जायच्या बेतात असेल तेव्हाच चित्र बदलायचं, अधेमधे नाही.

फोनमध्ये हा बंदोबस्त मुळातच केलेला असतो. अँड्रॉइडने २०१२ साली ४.१ या आवृत्तीत सगळं रेखाटन व्ही-सिंकच्या ठोक्याला बांधलं आणि गरजेपुरता तिसरा बफरही दिला. त्यामुळे फोनच्या स्क्रीनवर खरी पायरी क्वचितच दिसते. शिवाय ओळखायची एक सोपी खूण आहे. बहुतेक फोनची स्क्रीन, फोन उभा धरला असता, वरून खाली रंगते. तोच फोन व्हिडिओसाठी आडवा केला की रंगण्याची दिशाही आडवी होते. म्हणजे आडव्या फोनच्या स्क्रीनवर टेअरिंग झालंच, तर रेघ उभी दिसेल. भाची म्हणाली होती, “रेकॉर्ड करताना फोनवरपण कधीकधी फाटतं.” रेघ उभी होती का आडवी, विचारल्यावर ती विचारात पडली. “रेघ नव्हती गं, नुसतं अडखळत होतं.” ते वेगळंच होतं, त्याकडे पुढे येते. शिवाय रेकॉर्डिंग चालू असताना स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि फाइलमध्ये जाणारं चित्र हे कॅमेऱ्यातून निघणारे दोन वेगळे प्रवाह असतात. दिसणारा प्रवाह सहसा लहान मापाचा असतो. तो अडखळला म्हणून फाइल बिघडली असं होत नाही, आणि उलटही नाही.

मग “१०८०ला फाटत नाही” याचं काय? हा तिचा सगळ्यांत भक्कम पुरावा होता आणि तोच तिला चुकवत होता. खोदून विचारल्यावर कळलं की १०८०ची फाइल सेकंदाला ३० फ्रेमची होती, एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या प्लेअरमध्ये उघडत होती. ४केची फाइल ६० फ्रेमची, एचईव्हीसी कोडेकमधली. ती त्या प्लेअरमध्ये उघडेना, म्हणून तिने दुसरा प्लेअर टाकला होता. एका तुलनेत चार गोष्टी बदलल्या होत्या: माप, फ्रेमदर, कोडेक आणि प्लेअर. तिला दिसली फक्त पहिली.

मी १०८०ची तीच फाइल नव्या प्लेअरमध्ये पूर्ण स्क्रीनभर लावली. पायरी हजर. ३० फ्रेममुळे थोडी कमी वेळा, पण तीच.

त्यापुढचा शोध लांबला नाही. तिच्या भावाने गेमसाठी ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये व्हर्टिकल सिंक ‘ऑफ’ करून ठेवलं होतं, आणि तेही सगळ्या प्रोग्रॅमसाठी. गेम खेळणारे असं करतात, कळ दाबणं आणि स्क्रीनवर दिसणं यातला उशीर कमी व्हावा म्हणून. मूळचा प्लेअर विंडोजच्या स्वतःच्या मार्गाने चित्र दाखवत असल्याने सुटला, नवा प्लेअर सापडला. मी ती सेटिंग ‘प्रोग्रॅम ठरवेल तसं’ यावर आणली. पायरी गेली. भावाच्या गेमसाठी तेवढ्या एका प्रोग्रॅमपुरतं ‘ऑफ’ ठेवलं, घरात भांडण नको.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मूळ फाइल थांबवल्यावरही पायरी तशीच राहिली असती, तर मामला फोनचा होता. कॅमेऱ्यातून एन्कोडरकडे (व्हिडिओ दाबून फाइल बनवणाऱ्या भागाकडे) जाणारी फ्रेम पूर्ण भरल्याशिवाय पुढे सोपवली जात नाही, त्यामुळे असं होणं दुर्मीळ आहे. पण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चूक असेल तर होऊ शकतं. तेव्हा मात्र दुसरं कॅमेरा ॲप, स्थिरीकरण बंद करून पाहणं, सिस्टीम अपडेट आणि शेवटी दुरुस्ती केंद्र हा क्रम योग्य. तिने दुसरं ॲप टाकून पाहिलं ते त्या आजारावरचं औषध होतं, तिचा आजार दुसरा होता.

मेमरी कार्डाबद्दलही दोन शब्द, कारण पहिला संशय नेहमी त्याच्यावरच जातो. फाइलचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, होता सुमारे ५५ मेगाबिट प्रतिसेकंद. आठाने भागलं की ७ मेगाबाइटच्या आत. तिच्या जुन्या कार्डावर व्ही३० छापलेलं होतं, म्हणजे सलग लिहिताना किमान ३० मेगाबाइट प्रतिसेकंदाची हमी. म्हणजे गरजेच्या चौपटीहून जास्त वेग. आणि कार्ड खरंच मागे पडलं, तर रेकॉर्डिंग आपोआप थांबतं किंवा फ्रेम गळतात. फाइल खराब झाली तर चित्रात चौकोनी ठिगळं येतात. स्वच्छ सरळ पायरी कार्ड बनवत नाही.

उतार

पायरी गेल्यावर भाचीने सुटकेचा श्वास टाकला, पण लगेच एका थांबवलेल्या फ्रेमकडे बोट दाखवलं. “हे बघ, बॅट अजून वाकडीच आहे.” बॅटची कड खरंच तिरकी दिसत होती. आणि हे थांबवल्यावरही जात नव्हतं.

फोनचा सेन्सरही चित्र ओळीओळीनेच टिपतो. वरची ओळ आधी, खालची नंतर. संपूर्ण फ्रेम वाचायला फोननुसार १० ते ३० मिलिसेकंद लागू शकतात. ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते अर्थात १६.७च्या आत बसावं लागतं. तेवढ्या वेळात वस्तू सरकते, म्हणून उभी काठी कललेली दिसते. याला रोलिंग शटर म्हणतात. पायरी आणि हा दोष यांत गल्लत होते, पण फरक डोळ्यांना स्पष्ट आहे. टेअरिंगमध्ये कड एका ठिकाणी तुटते आणि वर-खाली सरळ राहते. रोलिंग शटरमध्ये ती कुठेच तुटत नाही, सलग कलते. तिला पटावं म्हणून मी फोन स्टँडवर ठेवून समोर एक उभी फूटपट्टी जोरात आडवी हलवली. फ्रेम थांबवून पाहिली: फूटपट्टी उताराला लागलेली, पण अखंड.

मग प्रश्न उरतो की सरांच्या कामाला याने बाध येतो का. इथे मी कागदावर हिशेब मांडला, कारण अंदाजाने बोलायची ही जागा नव्हती. समजा फ्रेमच्या उंचीत दोन मीटरचा देखावा बसतोय आणि ४केच्या २१६० ओळी वाचायला १५ मिलिसेकंद लागतात. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे तो जेमतेम ४३ ओळी व्यापतो. त्या वाचायला ०.३ मिलिसेकंद. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल तर तेवढ्यात तो ६ मिलिमीटर सरकेल. चाळीसात सहा. किंचित लंबगोल, बस्स. बॅट आणि चेंडू आदळताना दोघंही जवळपास त्याच ओळींमध्ये असतात, त्यामुळे आघाताचा क्षण दोघांसाठी एकच राहतो. फटक्याच्या क्षणी पाय कुठे होते हे त्याच फ्रेममधून काढायचं असेल, तर मात्र काही मिलिसेकंदांची चूक धरून चालावं लागेल.

खरा शत्रू दुसराच होता. फोनने स्वतः निवडलेला शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड टिपण्याचा वेळ, १/१२० सेकंद होता. तेवढ्या वेळात तोच चेंडू जवळपास १७ सेंटिमीटर जातो. चित्रात चेंडू दिसतच नव्हता, पांढरी रेघ दिसत होती. भाची त्यालाही ‘फाटणं’च म्हणत होती. शटर १/१००० केलं की सरकणं २ सेंटिमीटरवर येतं. फोनच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये हे हाताने लावता येत होतं. लावलं, आणि नवीन दुखणं ओढवून घेतलं. त्याची गोष्ट शेवटी.

उडी

संथ गतीत पाहताना काही फटके मधूनच उडी मारायचे. चेंडू बॅटच्या अलीकडे, पुढच्याच फ्रेमला बराच पलीकडे. सरांना हवा असलेला क्षण नेमका गायब.

उडीची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही तिच्याकडे होती. पहिलं लॅपटॉपचं. त्याच्याकडे एचईव्हीसी उलगडणारं स्वतंत्र हार्डवेअर नव्हतं. सेकंदाला ४९ कोटींहून जास्त पिक्सेल नुसत्या प्रोसेसरवर उलगडताना त्याची दमछाक होत होती. व्हीएलसीच्या आकडेवारीत हरवलेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. यावर मी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममधून १०८० मापाची, ६० फ्रेमची, एच.२६४ कोडेकमधली बघण्यापुरती प्रत काढून दिली. मूळ फाइल जपून ठेवायची, पाहायचं काम प्रतीवर करायचं. संकलनात आम्ही रोज हेच करतो.

पण प्रतीतही काही उड्या राहिल्या, म्हणजे त्या मुळातच होत्या. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमवर वेळेची नोंद असते. तिच्या फाइलमध्ये सेकंदाचे ९०,००० भाग धरले होते, म्हणून ६० फ्रेमला दोन नोंदींमध्ये १,५०० च्या आसपास अंतर हवं. एफएफप्रोब या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून ती यादी काढली. पहिली दहाएक मिनिटं सगळं १,५००. नंतर अधूनमधून ३,०००. पुढे पुढे तर ३,००० ची रांगच. प्रत्येक ३,००० म्हणजे एक फ्रेम कायमची गेली, ती कोणताही प्लेअर परत आणू शकत नाही. अंधार वाढला की काही फोन आपणहून फ्रेमदर उतरवतात, पण इथे उजेड तोच होता. दहा मिनिटांनी सुरू होऊन वाढत जाणारा दोष मला उष्णतेकडे बोट दाखवताना दिसला. फोन जाड कव्हरात होता, रेकॉर्डिंग करताना पॉवर बँकेवर चार्ज होत होता, स्क्रीन पूर्ण उजेडावर होती. तापलेला फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मघाचं “नुसतं अडखळत होतं” तेही यातच बसतं.

कव्हर काढलं, चार्जिंग आधीच पूर्ण केलं, विमान मोड लावला, स्क्रीनचा उजेड कमी केला आणि रेकॉर्डिंग आठ-आठ मिनिटांच्या तुकड्यांत घेतलं. पुढच्या फाइलमध्ये ३,००० शोधून सापडेना.

याच टप्प्यावर मी तिला विचारलं की तुला ४के हवंच कशाला? सरांना वेळेचे बारीक तुकडे हवे होते. १०८०ला १२० फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेममधलं अंतर ८.३ मिलिसेकंद होतं, चेंडू ३३ ऐवजी १७ सेंटिमीटरच पुढे जातो. आणि भार? ४के ६० म्हणजे सेकंदाला ४९ कोटी ७६ लाख पिक्सेल, १०८० १२० म्हणजे २४ कोटी ८८ लाख. बरोबर निम्मा. फोनही कमी तापतो. मोठं माप म्हणजे चांगला व्हिडिओ, हा समज इतका घट्ट बसलाय की ती बराच वेळ कबूल होईना. दोन्ही प्रकारे घेतलेला एकच फटका शेजारी शेजारी लावून दाखवला, तेव्हा मानली.

पट्टा

१/१००० शटर लावल्यावरचं दुखणं असं होतं: चित्रावर आडवे काळपट पट्टे, खाली सरकणारे. “मावशी, आता तर जास्तच फाटतंय!” पण हे पट्टे थांबवल्यावरही राहत होते, बॅट कुठे तुटत नव्हती, नुसता उजेड कमी-जास्त होत होता. दिव्यांचा खेळ होता.

वीज ५० हर्ट्झची असेल तर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झ असेल तर १२० वेळा. शटर १/१०० असतं तेव्हा प्रत्येक ओळीला एक पूर्ण स्पंदन मिळतं आणि सगळ्या ओळी सारख्या उजळतात. १/१००० ला काही ओळी तेजात टिपल्या जातात, काही मंद क्षणी, आणि पट्टे पडतात. भाचीकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणजे पट्टे घालवायला १/१०० हवं. पण १२० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एका फ्रेमच्या वाट्यालाच १/१२० सेकंद येतो. १/१०० तिथे बसतच नाही. आणि बसलं असतं तरी चेंडूची पुन्हा रेघ झाली असती. फोनमधली झगमग टाळण्याची सेटिंगही इथे लंगडी पडते, कारण तीही शटरच बदलते.

हा एकच दोष असा होता ज्याला कुठल्या मेनूत उत्तर नव्हतं. उत्तर छतावर होतं. तिच्या सरावाच्या हॉलमध्ये फिरून आम्ही प्रत्येक दिव्याखाली पाच-पाच सेकंद १/१००० ला रेकॉर्ड केलं. काही दिव्यांखाली पट्टे गडद, काहींखाली अजिबात नाहीत. चांगल्या ड्रायव्हरचे (इथे ड्रायव्हर म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग) एलईडी प्रवाह स्थिर ठेवतात, बाकीचे विजेच्या ठोक्याबरोबर नाचतात. सगळ्यांत वाईट दोन दिवे नेमके तिच्या नेहमीच्या टेबलावर होते. खिडकीजवळच्या टेबलावर सकाळी एवढा उजेड येतो की १/१००० ला दिवे लावायचीही गरज नाही.

आता रेकॉर्डिंगच्या दिवशी ती अर्धा तास लवकर जाते आणि खिडकीजवळचं टेबल धरते. मागच्या आठवड्यात तिने पाठवलेल्या फाइलमध्ये चेंडू बॅटच्या रबरात रुतलेला, गोल, एका फ्रेममध्ये स्पष्ट दिसतो. या वेळी तिने केबल लावून मूळ फाइलच दिली होती. मनगट सर म्हणत होते त्यापेक्षा थोडं आधी वळतंय. पुढचं काम आता तिचं आणि सरांचं.